शेपटीचे दोन मणके आणि पावणेदोनशे वर्षांचा घोळ (टायटॅनोसॉरसबद्दल)

खडकू:

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. विषय आहे लांब मानेचे, हत्तीला मांजर वाटायला लावतील असे डायनासोर आणि त्यांची हाडं परत परत तपासायचा उद्योग. लोकांना वाटतं एकदा हाड सापडलं, नाव दिलं, काचेच्या कपाटात ठेवलं की संपलं. तसं अजिबात नसतं, खरा तमाशा त्याच्यानंतर सुरू होतो, आणि याचं सगळ्यात झकास उदाहरण परदेशात नाही, आपल्या जबलपूरला आहे.

1828 साली कॅप्टन विल्यम स्लीमन (हो हो, तोच ठगांवाला) याला जबलपूरच्या बडा सिमला टेकडीजवळ दगड झालेली हाडं मिळाली. शेपटीचे दोन मणके. तेव्हा 'डायनासोर' हा शब्दच जन्माला आलेला नव्हता, रिचर्ड ओवेनने तो काढला 1842 मध्ये. म्हणजे आशियातला पहिला डायनासोर सापडला तेव्हा सापडवणाऱ्याकडे त्याला काय म्हणायचं याचाच पत्ता नव्हता. ते मणके फिरत फिरत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेले (ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप, माणूस कशाकशात होता बघा), मग संग्रहात पडून राहिले, आणि 1877 मध्ये रिचर्ड लीडेकरने त्यांच्यावरून नाव ठेवलं टायटॅनोसॉरस इंडिकस. त्याचं सगळं म्हणणं एका खुणेवर उभं होतं. मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची बाजू चेंडूसारखी फुगीर, म्हणजे एकाचा चेंडू मागच्याच्या वाटीत बसतो. तोवर माहीत असलेल्या अवाढव्य सरड्यांमध्ये शेपटीचा असा मणका कोणी बघितला नव्हता, त्यामुळे नवा प्राणी, नवं नाव, आणि त्या काळाच्या मानाने अगदी रास्त.

पुढे काय झालं की हे नाव म्हणजे धर्मशाळा झाली. अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, जिथे म्हणून चेंडू-वाटीवाला मणका निघाला तिथे लोकांनी टायटॅनोसॉरस लिहून टाकलं, खुद्द लीडेकरने 1893 मध्ये अर्जेंटिनातल्या हाडांना टायटॅनोसॉरस ऑस्ट्रॅलिस म्हटलं. मोजले तर या एका नावाखाली 14 प्रजाती जमल्या होत्या. 2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या दोघांनी सगळी गाठोडी सोडून एकेक हाड नव्याने बघितलं, आणि निघालं असं की ज्या खुणेवर लीडेकरने नाव ठेवलं ती खूण एका प्राण्याची नाहीच, अख्ख्या मोठ्या घराण्याची आहे! जगभर त्या घराण्यातले डझनांनी प्राणी सापडले आणि बहुतेकांच्या शेपटीत तेच. 14 पैकी 5 च प्रजाती वेगळ्या ओळखता येण्यासारख्या उरल्या आणि मूळ इंडिकस त्यात नाही. म्हणजे घराण्याचं नाव टायटॅनोसॉर, पण ज्याच्यावरून ते पडलं तो मूळपुरुषच बाद.

मला या गोष्टीतलं हेच फार आवडतं की लीडेकर चुकला नव्हता. हाड तेच राहिलं, त्याच्या आजूबाजूचं जग बदललं. गावात एकच लाल शर्टवाला असेल तर 'लाल शर्टवाला' म्हटलं की पुरतं, सगळ्या गावाने लाल शर्ट शिवले की काय करणार.

---

विशाखा_:

मस्त लेख! वाचनखूण साठवली. लाल शर्ट फार आवडलं :) एक बाळबोध शंका, नाव 'बाद' म्हणजे नक्की काय होतं? पुस्तकातून काढून टाकतात?

खडकू:

काढत नाहीत ताई, नाव राहतंच, फक्त 'संशयित' गटात टाकतात. म्हणजे त्या मणक्यावरून तुम्ही दुसऱ्या कुठल्या सापडलेल्या प्राण्याला 'हाच तो' असं म्हणू शकत नाही. उद्या जबलपूरलाच त्याच थरात बाकीचा सांगाडा मिळाला आणि त्या मणक्यात अजून काही खास खूण सापडली तर नाव परत उठून बसू शकतं. ब्रॉन्टोसॉरसचं असंच झालं की. मार्शने 1877 ला अपॅटोसॉरस नाव दिलं, 1879 ला ब्रॉन्टोसॉरस, 1903 मध्ये एल्मर रिग्ज म्हणाला दोन्ही एकच आणि जुनं नाव टिकणार, आणि 2015 मध्ये चॉप, माटेउस आणि बेन्सन यांनी 81 नमुन्यांवर 477 लक्षणं तपासून म्हटलं की नाही बुवा, वेगळेच आहेत. 112 वर्षांनी घटस्फोट.

वाकडी_वाट:

मला यात एक खटकतं. आपला पहिला डायनासोर, आपल्या मातीतला, आणि परदेशातले दोघं येऊन सांगतात तुमचं नाव रद्द. त्यांच्या ब्रॉन्टोसॉरसला मात्र पुनर्जन्म. नेहमीचंच आहे म्हणा.

खडकू:

अहो नाव ठेवणारा लीडेकर तरी कुठे आपला होता :) आणि त्याच 2003 च्या लेखात त्यांनी आपल्याकडचा एक प्राणी उलट वर काढलाय! 1980 च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एक सांगाडा काढला, बराचसा सलग, मान पाठ शेपटी खांदा पुढचा पाय कंबर सगळं. 1997 मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टाय म्हटलं. 2003 ला परत बघताना कळलं की हा नुसता चेंडू-वाटीवाला नाही, याचं सगळंच वेगळं आहे, दंडाचं हाड 148 सेंटीमीटर, पुढचे पाय उंच, आणि मान या जातकुळीच्या मानाने आखूड. म्हणून त्याला स्वतंत्र नाव मिळालं आयसिसॉरस. आय एस आय, इन्स्टिट्यूटची अक्षरं! संख्याशास्त्राच्या संस्थेवरून नाव पडलेला डायनासोर जगात दुसरा असेल असं मला वाटत नाही.

वाकडी_वाट:

हे माहीत नव्हतं. बरं, अर्धी तक्रार मागे.

मावशीबोली:

चंद्रपूर!! आमच्या विदर्भात डायनासोर आणि शाळेत आम्हाला टी रेक्स शिकवला. संख्याशास्त्रवाल्यांना हाडं खणायची काय हुक्की आली पण?

खडकू:

ती संस्था काढणाऱ्या महालनोबिसांची कृपा. त्यांना वाटायचं की मोजमाप जिथे आहे तिथे संख्याशास्त्र आहे, त्यामुळे संस्थेत भूशास्त्राचा विभागच होता. 1960-61 ला संस्थेच्या लोकांनी गोदावरी खोऱ्यातून बारापासॉरस या लांब मानेच्या डायनासोरची 300 च्या आसपास हाडं काढली. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय, मांडीचं हाड जवळपास 1.7 मीटर, आणि टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. एवढ्या ढिगात कवटी मात्र एकही नाही. 1975 ला नाव दिलं आणि 2010 ला त्याचंही सविस्तर पुनर्वर्णन झालं. म्हणजे हाडं बाहेर काढल्याला पन्नास वर्षं होत आली तरी तीच हाडं नवीन काहीतरी सांगत होती.

अवांतर: चंद्रपूरचंच पिसदुरा गाव तर आणखी भारी आहे. तिथे डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. 2005 मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले, त्यात भाताच्या भाऊबंदांसारखे पण होते. तोवर लोक म्हणायचे डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. शेणाने सगळ्यांना खोटं पाडलं.

मावशीबोली:

शेणाने पाडलं हे वाक्य मी आयुष्यभर वापरणार आहे.

शंका_कुशंका:

लेख छान आहे पण एक मूळ प्रश्न राहिलाच. परत तपासतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? हाड तर तेच आहे, डोळे तेच आहेत. नुसतं मत बदललं एवढंच ना?

हाडवैद्य:

मी माणसांची हाडं बघतो, पण या विषयाचा जुना शौक आहे म्हणून लिहितो, चुकलं तर खडकूंनी कान धरावा.

पहिलं काम म्हणजे खरं हाड किती आणि प्लास्टर किती हे वेगळं करणं. जुन्या काळी तुटलेला भाग प्लास्टरने भरून वर हाडासारखा रंग फासायची पद्धत होती, प्रदर्शनात चांगलं दिसायला, आणि मग पुढच्या माणसाने त्या प्लास्टरच्या उंचवट्याचं मोजमाप घेऊन लेख लिहायचा! आता सीटी स्कॅनमध्ये दगड, हाड आणि लुकण वेगळं दिसतं. शिवाय या लांब मानेवाल्यांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या असतात, पक्ष्यांसारख्या, त्या आतून कशा पसरल्या आहेत हे पूर्वी हाड फोडल्याशिवाय कळत नव्हतं.

दुसरं म्हणजे हाडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. झाडासारखी वाढीची वर्तुळं असतात, त्यावरून कळतं प्राणी वयात आलेला होता की पोरगंच होतं. हे फार महत्त्वाचं, कारण पुष्कळदा 'नवीन लहान जात' म्हणून ठेवलेला प्राणी मोठ्या जातीचं पिल्लू निघतो.

आणि तिसरं, सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात उपयोगी, हाड कुठल्या अंगाचं आहे हेच परत ठरवणं. आमच्याकडे सुद्धा एक्सरे उलटा लावला की डावा पाय उजवा होतो.

खडकू:

+१, डॉक्टर अगदी बरोबर. तिसऱ्या मुद्द्याला उदाहरण देतो, अर्जेंटिनोसॉरस. 1993 ला नाव दिलं तेव्हा 155 सेंटीमीटरचं एक हाड नडगीचं म्हणून छापलं होतं, नंतर बघितलं तर ते शेजारचं बारीक हाड निघालं, फिब्युला. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांपैकी एक, आणि त्याची नडगी नडगीच नाही.

जबलपूरला अजून एक भानगड आहे ती म्हणजे मिसळ. एकाच खड्ड्यात चार चार प्राण्यांची हाडं एकमेकांत अडकलेली. मॅटली नावाच्या भूवैज्ञानिकाने 1917 पासून तिथे खोदलं आणि 1933 ला फॉन ह्यून्ये आणि मॅटली यांनी जाडजूड ग्रंथ काढला, त्यात अंटार्क्टोसॉरस सेप्टेन्ट्रिओनॅलिस म्हणून एक ठेवला होता, तो 1995 ला जैनोसॉरस झाला. हे नाव त्याच सोहनलाल जैन यांच्यावरून, जैन धर्माशी संबंध नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.

गणित_बिणित:

सगळ्यात मोठा म्हटलंत म्हणून विचारतो, आपल्याकडे तमिळनाडूत सापडलेला तो बृहत्कायोसॉरस? मागे वाचलं होतं की देवमाशाएवढा होता, 100 टनांच्या वर. तो खरा की व्हॉट्सॅप विद्यापीठ?

खडकू:

वाटच बघत होतो कोणी हे काढतंय :) हा दुसरा धागा होता खरं तर, पण लिहितो.

कल्लमेडू गाव, अरियलूर भाग. 1987 मध्ये यादगिरी आणि अय्यासामी यांनी वर्णन केलं. कमरेची हाडं, मांडीच्या हाडाचं टोक, शेपटीचा मणका आणि 2 मीटर लांब नडगी. दोन मीटर! माझ्यापेक्षा उंच नडगी. आणि गंमत बघा, त्यांनी त्याला मांसाहारी गटात टाकलं होतं. टी रेक्सच्या भाऊबंदांत. 1990 च्या दशकात परत विचार झाला तेव्हा म्हटलं गेलं की अहो एवढा थोराड प्राणी लांब मानेचा शाकाहारीच असणार. मूळ लेखातली चित्रं म्हणजे नुसत्या रेघा, त्यामुळे काही लोक तर म्हणायला लागले की ही हाडंच नाहीत, दगड झालेले ओंडके आहेत. त्या बाजूला असे ओंडके मिळतात हे खरं आहे, सातनूरला 18 मीटरचं दगडी खोड अजून पडलेलं आहे.

मग सोपं आहे की, चकती कापा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हाडात रक्तवाहिन्यांच्या नळ्या दिसतात, लाकडात पेशींच्या रांगा, पाच मिनिटांत निकाल. पण हाडं नाहीत! माती भुसभुशीत, पावसाचं पाणी मुरलेलं, प्लास्टरच्या वेष्टणात गुंडाळून नेली ती आतल्या आत भुगा होत गेली आणि संग्रहालयात पोचायच्या आधीच संपली. हे सगळं 2017 मध्ये रीतसर छापून आलं.

विशाखा_:

अरे देवा. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा डायनासोर आपण पावसात विरघळवला?

खडकू:

'कदाचित सगळ्यात मोठा' म्हणा. पण हो. लोक वेंधळे होते असं नाही हं, तसल्या हाडांना मातीतून काढायच्या आधी रसायन पाजून घट्ट करावं लागतं आणि एवढ्या आकाराला ते सगळं जमणं सोपं नसतं. 2022 मध्ये सौरभ पाल आणि अय्यासामी यांनी खोदकामाच्या वेळचे जुने फोटो छापले आणि त्यात हाडाची ठेवण दिसते, त्यामुळे ओंडक्याची कुजबुज बरीच थंडावली. 2023 ला पॉल आणि लॅरामेंडी यांनी वजनाचा अंदाज काढला 110 ते 170 टन.

गणित_बिणित:

110 ते 170? हा अंदाज आहे की हवामान खात्याचा इशारा? जरा कागदावर करून बघितलं. अर्जेंटिनोसॉरसचं ते 155 वालं हाड धरा, याचं 200. लांबीचं गुणोत्तर 1.29. वजन घनाने वाढतं म्हणून 1.29 चा घन, 2.15. अर्जेंटिनोसॉरस 70 टन धरला तर हा 150. पण तुम्हीच वर सांगितलंत की ते हाड नडगी नाही, फिब्युला आहे, मग नडगीची तुलना फिब्युलाशी केली म्हणजे पायाच चुकला (श्लेष साभार). शिवाय नडगी मोजताना 10 टक्के चूक झाली, म्हणजे 2 मीटरच्या जागी 1.8 असेल, तर वजन सरळ 110 वर येतं. एका टेपच्या चुकीने चाळीस टन, आठ हत्ती गायब.

हाडवैद्य:

म्हणूनच लांबीवरून वजन काढणं शक्यतो टाळतात. चार पायांच्या प्राण्यात दंडाच्या आणि मांडीच्या हाडाचा घेर, सगळ्यात बारीक जागचा, मोजतात, कारण वजन पेलायचं काम त्या खांबाच्या जाडीचं असतं. 2012 मध्ये कॅम्पिओने आणि इव्हान्स यांनी आजच्या प्राण्यांवर हे पडताळून सूत्र दिलं. तरी 25 टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे होतंच. आणि बृहत्कायोसॉरसमध्ये ते दोन खांब पुरते नाहीतच, घेर कशाचा घेणार.

शंका_कुशंका:

मग माझी शंका कायम. हाड नाही, सूत्र लागू नाही, फोटो धूसर. याला विज्ञान कसं म्हणायचं? 170 टन छापून येतं आणि लोक पोरांना सांगतात.

खडकू:

तुमची शंका रास्त आहे, वाद घालत नाही. माझं मत विचाराल तर बृहत्कायोसॉरसचा आकडा मी पोरांना सांगणार नाही, गोष्ट सांगेन. मोठा प्राणी होता एवढं मला पटतं, किती मोठा ते ज्या हाडावरून ठरलं असतं ते गेलं. टायटॅनोसॉरसचं बरोबर उलटं आहे, तिथे नाव गेलं पण हाड आहे.

वाकडी_वाट:

आहे कशावरून? मी तर वाचलं होतं जबलपूरचे ते मणके पण हरवले.

खडकू:

हरवलेच होते! हे लेखात लिहायचं राहिलं, खरं तर सगळ्यात भारी भाग हाच. 2003 ला विल्सन-अपचर्च यांनी निकाल दिला तेव्हा मूळ मणके कोणाला सापडत नव्हते, साचे आणि जुनी चित्रं यांच्यावरच भागवलं होतं. मग 2012 च्या एप्रिलमध्ये कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात धनंजय मोहबे आणि शुभासिस सेन जुने नमुने हुडकत होते, आणि दुसऱ्याच खोदकामाच्या हाडांमध्ये जबलपूरचा मणका पडलेला मिळाला. 2013 मध्ये विल्सनच्या सोबतीने त्यांनी ते छापलं. म्हणजे ज्याने नावावर फुली मारली तोच हाड सापडल्याचं सांगायला पुढे.

वाकडी_वाट:

हे मात्र मनाला भिडलं. उरलेली अर्धी तक्रार पण मागे घेतो.

मावशीबोली:

आमच्या गच्चीवरच्या ट्रंकेतून आजोबांची सनद अशीच निघाली होती, लोणच्याच्या बरण्यांच्या मधून. मग मणका सापडल्यावर काय झालं, नाव परत मिळालं?

खडकू:

नाही हो मावशी, नाव तिथेच आहे, संशयितात. पण आता कोणालाही तो मणका हातात घेऊन बघता येतो. साच्यात बाहेरचा आकार येतो, आतली ठेवण येत नाही. खास खूण सापडली तर सापडली.

हाडवैद्य:

स्कॅन झालाय का त्याचा?

खडकू:

बघून सांगतो. आणि पिसदुऱ्याबद्दल वेगळा धागा काढतो, मावशींच्या खास आग्रहास्तव.

मावशीबोली:

शेणाचा धागा! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.